माणशी एक आणि एक चहादाणीला

मित्रांनो, मी टोपी आहे, पण आजवर कुणाच्याही डोक्यावर चढलेले नाही. माझी जागा चहादाणीवर, आतला चहा गार होऊ नये म्हणून. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात, टेमर नदीच्या अलीकडच्या एका लहानशा गावात, लस्कम बहिणींच्या स्वयंपाकघरात मी चाळीस वर्षं काढली आहेत. गोंड्यापासून काठापर्यंत मी नुसती लोकर आहे, आणि लोकरीला फारसं काही जाणवत नाही. चटका बसत नाही, थंडी वाजत नाही, रडू येत नाही. त्यामुळे जे झालं ते मी तुम्हाला कोरडेपणानेच सांगणार आहे. मध्येच माझा आवाज कापरा झाला तर तिकडे लक्ष देऊ नका. वय झालंय माझं.

माझा जन्म एका स्वेटरमधून झाला. तो स्वेटर या बहिणींच्या वडिलांचा होता. ते नदीवर होडी चालवत. ते गेले, आणि दोन्ही कोपरांना भोकं पडलेला त्यांचा निळा स्वेटर खुंटीवर तसाच लटकत राहिला. थोरली एव्हिस म्हणाली, "टाकून दे आता तो." धाकटी मर्टल म्हणाली, "टाकायला ती काय बटाट्याची सालं आहेत?" तिने बसल्या बैठकीत तो उसवला, लोकर धुतली, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून वाळवली आणि विणायला घेतली. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा हिवाळा होता. वीज सारखी जायची. मर्टल मेणबत्ती लावून विणायची आणि सरकारला शिव्या द्यायची. त्या शिव्यांसकट मी विणली गेले आहे.

मर्टल डावखुरी होती. पुस्तकातला नमुना उजव्या हाताच्या बायकांसाठी होता. पण पुस्तकाचं ऐकेल ती मर्टल कसली! परिणाम असा झाला, की माझं तोटीचं भोक तोटीला आवळून बसतं आणि मुठीचं भोक इतकं ऐसपैस झालंय, की त्यातून आख्खं संत्रं जाईल. डोक्यावर पिवळा गोंडा आहे, तोही जरा कलता. तरी गावच्या जत्रेत मला विणकामाचं तिसरं बक्षीस मिळालं. स्पर्धेत एकूण तीन वस्तू होत्या, हे एव्हिस सगळ्यांना सांगत असे. मर्टल म्हणायची, "जळतेस तू!" आणि बक्षिसाचा कागद तिने चहाच्या डब्यामागे भिंतीला चिकटवून ठेवला होता.

दोघींनी लग्नं केली नाहीत. का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. एव्हिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दीडशे मुलांचं जेवण बाराच्या ठोक्याला तयार ठेवणारी बाई. घरातही सगळं तसंच, जिथल्या तिथे. मर्टल पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि गावात कुणाचं कुणाशी बिनसलंय ते पत्र न उघडताच ओळखायची. एकीचं तोंड बंद, दुसरीचं कधी बंदच नाही. त्यामुळे घर बरं चाललं होतं.

आणि गुरुवारी चार वाजता चहा. तीस वर्षं हा नेम कधी चुकला नाही. माणसं ठरलेली. थेल्मा यायची. ती नदीपलीकडची, म्हणजे कॉर्नवॉलची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. तिच्यामागे एनिड. तिला कुणाचा पाय लागला तरी माफी तीच मागणार. ती दर वेळी लिंबाचा केक आणायची. तो दर वेळी कोरडा व्हायचा आणि दर वेळी सगळे तो संपवायचे. आणि शेवटी पर्सी. हा एकटा पुरुष. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. भारी चोखंदळ. आमच्या चहाला तीस वर्षांत त्याने एकदाही बरं म्हटलेलं नाही.

"पातळ झालाय," तो घोट घेऊन म्हणायचा.

"तुझं रक्त पातळ झालंय," मर्टल म्हणायची.

मग स्कोनवरून, म्हणजे चहाबरोबरच्या लहान गोल पावावरून भांडण. स्कोन मधोमध फोडायचा, त्यावर आमच्याकडे आधी घट्ट साय लावतात आणि वर जॅम. नदीपलीकडे आधी जॅम आणि वर साय. थेल्माने जॅमचा चमचा उचलला की मर्टल ओरडायची, "आली बघा परदेशीण! अगं, अंगात सदरा घालून वर बनियन घालतेस का तू?" थेल्मा म्हणायची, "तू खा गं तुझं उलटंपालटं, माझ्या पानात बघू नकोस." तीस वर्षं हेच. तरी दर गुरुवारी सगळे हसायचे. मलाही ते पाठ झालं होतं.

आता चहा कसा व्हायचा ते नीट ऐका, मित्रांनो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चहाच्या कामाची दोघींत वाटणी होती. पाणी एव्हिसचं, चहाची पूड मर्टलची. एव्हिस किटलीत पाणी उकळत ठेवायची. थोडं गरम पाणी चहादाणीत घालून ती शेकून घ्यायची, ते पाणी ओतून द्यायची आणि पुन्हा किटलीकडे वळून उभी राहायची. तिची पाठ वळली की मर्टल डाव्या हाताने डबा उघडायची आणि चमच्याने पूड घालायची. घालताना मोठ्याने मोजायची. "थेल्मा एक. एनिड एक. पर्सी एक, नतद्रष्ट मेला. एव्ही एक. मी एक. आणि एक चहादाणीला." सहा चमचे. मग एव्हिस वळायची, उकळतं पाणी ओतायची, झाकण लावायची आणि मला वरून चढवायची. कुणी कुणाला काही सांगायचं नाही, कुणी मागे वळून बघायचं नाही. मग माझ्या पोटात वाफ यायची आणि त्या वाफेला चहाचा वास असायचा. चाळीस वर्षं मी तो वास पीत आले. माझी लोकर आतून तपकिरी झाली आहे.

एकदा मर्टलने मला चुकून पेटत्या शेगडीवर ठेवलं आणि माझा काठ जळाला. एव्हिसने तो रफू केला. घरात निळी लोकर उरली नव्हती, म्हणून हिरव्या लोकरीने. टाके मात्र असे सरळ, की पट्टी लावून बघा. म्हणजे माझ्या अंगावर दोघींचा हात आहे. मर्टलचा वेडावाकडा आणि एव्हिसचा सरळ.

या वर्षी फेब्रुवारीत, एका सोमवारी, मर्टल कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकायला गेली आणि परत आली नाही. रस्त्यातच कोसळली. तिला काही कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टर म्हणाले. लोक असं सांगतात आणि ऐकणाऱ्याने हो म्हणायचं असतं. एव्हिस हो म्हणाली.

ती घरी आली आणि कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. बाहेर अंधारून आलं तेव्हा उठली. ओट्यावर धुतलेले दोन कप पालथे घातले होते. ते तिने पुन्हा धुतले, पुसले आणि जागेवर ठेवले. रडली नाही. अंत्यविधीलाही नाही. सांत्वनाची बासष्ट पत्रं आली, बासष्टांना तिने हाताने उत्तरं लिहिली. वाचनालयाला कळवलं, दंतवैद्याची वेळ रद्द केली, मर्टलचे कपडे धुऊन इस्त्री केले आणि मग देऊन टाकले. देऊन टाकायच्या कपड्यांना इस्त्री! गावातले लोक म्हणू लागले, "बाई फार खंबीर हो." खंबीर कसली? ती बधिर झाली होती. मला ते लगेच कळलं, कारण माझंही तेच झालं होतं.

चहादाणी तिने वरच्या फळीवर ठेवली आणि मला ओट्याच्या खालच्या खणात. तिथे सुतळ्या होत्या, मेणबत्त्यांचे तुकडे होते आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या. मी चार महिने तिथे पडून होते. एव्हिस आता मोठ्या पेल्यात चहाची कागदी पिशवी टाकायची, वर पाणी ओतायची आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच पिऊन टाकायची. मला खणात वाईट वाटत होतं का? नाही. एकटं वाटत होतं का? तेही नाही. एक कसर माझ्या काठावर आली आणि थोडी लोकर खाऊन गेली. खा म्हटलं.

दर बुधवारी फोन वाजायचा. फटीतून मला एव्हिसचं बोलणं ऐकू यायचं. "नको थेल्मा, या गुरुवारी नको. हो, जेवते ना. हो, बरी आहे मी." पुढच्या बुधवारी पुन्हा, "नको थेल्मा, या गुरुवारी नको. बरी आहे मी." आवाजात चढ नाही, उतार नाही.

जूनमध्ये थेल्मा फोनऐवजी स्वतःच दारात उभी राहिली.

"आत घेतेस की इथेच बसू पायरीवर?" तिने विचारलं. "माझी तयारी आहे. उशी आणलीय मी येताना."

एव्हिसने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "येत्या गुरुवारी या सगळे. चार वाजता."

"खरंच?"

"हो म्हटलं ना."

थेल्मा गेली. जाताना रस्त्याने तिने मोठ्याने नाक शिंकरलं, ते मला खणात ऐकू आलं. तिला वाटलं, जमलं. मलाही क्षणभर वाटलं. पण त्याच दुपारी एव्हिसने पाद्रीबाईंना फोन केला.

"तुमच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीसाठी एक खोका देते," ती म्हणाली. "कपबश्या, केकची तबकं, चहादाणी, तिची टोपी. शुक्रवारी सकाळी न्या. नाही हो, मला आता काय करायचंय? गुरुवारी त्यांना एकदा चहा देते आणि सांगून टाकते, की आपलं हे आता पुरे. दर आठवड्याला नाही म्हणण्यापेक्षा एकदाच सांगितलेलं बरं."

म्हणजे असं होतं तर. तो चहा शेवटचा होता. तो झाला की थेल्मा, एनिड, पर्सी या दारात पुन्हा येणार नव्हते आणि एव्हिस त्या घरात एकटी उरणार होती, पेल्यात पिशवी टाकून उभ्याउभ्या पिणारी. आणि मी खोक्यात. जायचं तर जायचं. खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही.

गुरुवार उजाडला. एव्हिसने सकाळी स्कोन केले, एकसारखे, एका उंचीचे. काकडीचे सँडविच कडा कापून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. कधी न वापरलेल्या ताटल्या आधीच खोक्यात भरून खोका दारापाशी ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चर्चच्या विक्रीसाठी'. झाकण उघडंच ठेवलं, आमची जागा राखून.

मग तिने मला खणातून काढलं, खिडकीबाहेर दोनदा झटकलं आणि ओट्यावर ठेवलं. माझ्या शेजारी चहादाणी होती. काही बोलली नाही. ती तशीही कधी फार बोलत नाही. भिंतीवर तिसऱ्या बक्षिसाचा कागद होता आणि त्याच्यापुढे चहाचा डबा. चार महिने त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

चार वाजता तिघे आले. कोट अडकवायला ते दारापाशी थांबले आणि अचानक गप्प झाले. तेव्हाच मी ओळखलं, खोका दिसला. मग थेल्माचा आवाज नेहमीपेक्षा मोठ्याने आला. "अगं बाई, काय वास सुटलाय स्कोनचा!"

एव्हिस स्वयंपाकघरात होती. तिचे ओठ हलत होते. सांगायचं वाक्य ती मनात घोकत होती. किटलीतलं थोडं गरम पाणी तिने चहादाणीत घातलं, चहादाणी गोल फिरवून शेकली, पाणी ओतून दिलं आणि पुन्हा किटलीकडे वळून उभी राहिली.

मी वाट पाहिली. तीही वाट पाहत होती, पण ते तिला माहीत नव्हतं. तिची पाठ तेवढाच वेळ वळलेली राहिली, जेवढा वेळ सहा चमचे मोजायला लागतो. मग किटली उकळली. एव्हिस वळली. वाफेने तिचा चष्मा धूसर झाला. तिने उकळतं पाणी रिकाम्या चहादाणीत ओतलं, झाकण लावलं आणि मला वर चढवलं.

माझ्या पोटात वाफ आली. पण वास आला नाही.

अहो, कधी नव्हे ते माझा जीव खालीवर झाला. अगं एव्हिस, डबा! डबा उघड! पण लोकरीला तोंड कुठे असतं? तिने तबक उचललं आणि आम्हाला बाहेर नेलं.

आमच्या घरी कपात आधी दूध घालतात, मग चहा. एव्हिस सवयीने ओतत होती. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि ओठ अजून हलत होते. दुधावर नुसतं पाणी पडत गेलं. तिघांसमोर तीन कप गेले. ज्या पाण्याने तांदूळ धुतात ना, तसा रंग. चौथा कप तिने स्वतःसमोर ठेवला आणि त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिघांनी आपापल्या कपात बघितलं. थेल्माने चमच्याने कप ढवळून बघितला. एनिडचा चेहरा तर असा झाला, जणू चहा घालायला तीच विसरली होती. तिने चटकन कप उचलला, घोट घेतला आणि म्हणाली, "आहाहा. याचीच गरज होती अगदी."

आमच्या भागात हे असंच आहे. यजमानाची चूक दाखवायची नसते. सूप गार असलं तरी छान म्हणायचं, खुर्ची मोडकी असली तरी तोल सांभाळून बसायचं. पण साधं पाणी?

आता सगळे पर्सीकडे बघायला लागले. तीस वर्षं ज्याला आमचा चहा पातळ वाटत होता, तो पर्सी. त्याने कप उचलला, डोळे मिटून एक मोठा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि रुमालाने मिशा टिपल्या.

"छान झालाय," पर्सी म्हणाला.

थेल्माच्या हातातला स्कोन खाली पडला.

मग त्यांनी ते पाणी प्यायलं. मन लावून, घोटाघोटाने. मध्ये थेल्माने स्कोन फोडला, त्यावर आधी जॅम लावला आणि हात तसाच धरून थांबली. परदेशीण म्हणायला कुणी नव्हतं. ती तो स्कोन हातात घेऊन बसून राहिली. बाहेर हवा बरी आहे, असं एनिड म्हणाली. हो, आणि शनिवारपर्यंत अशीच राहणार आहे म्हणतात, असं पर्सी म्हणाला. मर्टलचं नाव कुणी काढलं नाही. तेही आमच्याकडे असंच आहे.

एव्हिसने घसा साफ केला. "मला तुम्हाला एक सांगायचं होतं," ती म्हणाली.

"एव्हिस," पर्सी घाईने म्हणाला, "मला अजून एक कप मिळेल का?"

आजवर त्याने दुसरा कप कधी मागितला नव्हता. कुणाचं बोलणं तर त्याने जन्मात तोडलं नसेल. एव्हिस थांबली. पाहुण्याने मागितलं की आधी द्यायचं, बोलायचं नंतर. तिने त्याचा कप ओढला. दुधाचं भांडं कलतं केलं, तर ते रिकामं होतं. ते पाणी प्यायचा धीर यावा म्हणून एनिडने आपल्या कपात वरून बरंच दूध ओतून घेतलं होतं.

"दूध आणते हं," एव्हिस उठू लागली.

"नको, राहू द्या," पर्सी म्हणाला. "बिनदुधाचा चालेल."

त्याने हे मुद्दाम म्हटलं की सहज, मला आजही ठाऊक नाही. एव्हिसने चहादाणी उचलली. मी तिच्या हाताखालीच होते. तिने ओतलं.

त्या कपांच्या तळाशी आतून एक निळं फूल रंगवलेलं आहे. कप भरला की ते दिसेनासं होतं आणि पिऊन संपला की दिसतं. कप काठोकाठ भरला, आणि तळाचं फूल तसंच लख्ख दिसत राहिलं. एक पाकळीसुद्धा झाकली गेली नाही.

एव्हिस त्या फुलाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या कपात बघितलं. मग थेल्माच्या आणि एनिडच्या. दोन्ही तळापर्यंत रिकामे होते.

"हे पाणी आहे," ती म्हणाली.

थेल्माने आपला रिकामा कप हळूच बाजूला सरकवला.

"मी तुम्हाला पाणी पाजलं. आणि तुम्ही प्यायलात!"

"माफ कर हं," एनिड म्हणाली.

"गरम होतं पण," पर्सी म्हणाला. "अगदी शेवटपर्यंत गरम होतं."

मित्रांनो, ते माझं काम होतं. एवढं बोलून पुढे जाते.

एव्हिस उभीच होती. चहादाणी अजून तिच्या हातात होती, आणि चहादाणीवर मी. "मी पाणी ओतलं," ती म्हणाली. "मी नेहमीसारखं ओतलं. चहा मर्टल घालते." आणि मग, "मर्टलने घातला नाही."

चार महिन्यांत तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा आलं. थेल्माने उठून तिच्या हातातून आम्हाला घेतलं आणि टेबलावर ठेवलं. एव्हिस खाली बसली आणि रडली. शिस्तीच्या बाईला रडायची सवय नसते, त्यामुळे ते ऐकायला चांगलं नव्हतं. खोकल्यासारखं, अडकत अडकत येत होतं. थेल्माने तिला पोटाशी धरलं. "रड गं माझे बाई, रड," ती म्हणत होती, आणि स्वतःही रडत होती. "किती वाट बघायला लावलीस." एनिड रडत रडत माफी मागत होती. पर्सी कपातलं बिनदुधाचं पाणी पीत बसला. त्याने तेही संपवलं.

बऱ्याच वेळाने एव्हिसने चष्मा पुसला आणि ती थेल्माच्या हातातल्या स्कोनकडे बघू लागली. त्यावर नुसता जॅम होता.

"परदेशीण कुठली," एव्हिस म्हणाली.

मर्टलचं ते वाक्य तिच्या तोंडी काही शोभलं नाही. आवाजही नीट निघाला नाही. पण थेल्मा इतकी हसली, की तिला धरून बसवावं लागलं.

मग सगळे उठून स्वयंपाकघरात आले. किटली पुन्हा ठेवली. एव्हिसने चहादाणी शेकली, पाणी ओतून दिलं, आणि या वेळी ती किटलीकडे वळली नाही. बक्षिसाच्या कागदापुढचा डबा तिने उजव्या हाताने उघडला. झाकण घट्ट बसलं होतं. चमचा घेतला.

"थेल्मा एक," ती हळूच म्हणाली. "एनिड एक. पर्सी एक."

"नतद्रष्ट मेला," पर्सीने पुस्ती जोडली.

"मी एक. आणि एक चहादाणीला." चमचा हवेत थांबला. "पाच झाले. सहा असायचे."

पर्सीने टाय सरळ केला.

"सहा घाला," तो म्हणाला. "सहाही मला कमीच वाटायचे."

एव्हिसने सहावा घातला. पाणी ओतलं, झाकण लावलं आणि मला वर चढवलं. वाफ आली, आणि वाफेबरोबर वास आला. मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं, लोकरीला फारसं काही जाणवत नाही. ते खोटं होतं असं म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी माझ्या आतली सगळी लोकर ओली झाली होती, आणि ती सगळीच वाफ नव्हती.

ते वाक्य एव्हिसने सांगितलंच नाही. निघताना थेल्माने कोट चढवला, दारातला खोका विचारल्याशिवाय उचलला आणि परत स्वयंपाकघरात आणून आदळला. "हा वाटेत येतो," एवढंच म्हणाली. एव्हिस म्हणाली, "अगं, आतल्या ताटल्या फुटतील ना!" आणि मग दारापाशी जाऊन तिघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गुरुवारी. चार वाजता. चहा मी घालीन."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी एक विनंती करायची असते. मला जपा, कसरीपासून सांभाळा, कोमट पाण्यात धुवा, असं मी म्हणू शकले असते. धुवा बापडे. पण मला दुसरंच मागायचंय. तुमच्या घरी दोघांनी मिळून करायचं एखादं काम असेलच. एक कणीक मळत असेल, एक पोळ्या लाटत असेल. एक कुलूप लावत असेल, एक ओढून बघत असेल. तर ते दुसरं माणूस घरात असतानाच कधीतरी मागे वळून बघा, ते आपला वाटा कसा करतं. एव्हिसने चाळीस वर्षांत एकदाही वळून बघितलं नाही. तिने मर्टलला चमचे मोजताना ऐकलं, पण कधी पाहिलं नाही. पाहिलं फक्त मी. याचं एव्हिसला अजून वाईट वाटतं. ती कधी कधी माझ्याशी बोलताना ते म्हणते.

हो, ती आता माझ्याशी बोलते. पाणी ओतून झालं की आधी झाकण उचलून आत वाकून बघते, वास घेते, आणि मगच मला चढवते.

परवाच्या गुरुवारी पर्सीने पहिला घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"पातळ झालाय," तो म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.